विमानवाहू नौका: रचनेचा इतिहास आणि सुटे भाग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विमानवाहू नौकेचा विषय निघाला की लांबी किती, वजन किती, विमानं किती, हे प्रश्न आधी येतात. त्यांची उत्तरं कुठल्याही तक्त्यात सापडतात. या पानावर मी वेगळे प्रश्न घेतले आहेत: नौकेत काय झिजतं, काय मोडतं, ते बदलायला कोण येतं, आणि त्या अनुभवातून पुढची नौका कशी बदलली. रचनेचा इतिहास आणि सुट्या भागांचा इतिहास मला वेगळे काढताच येत नाहीत. का, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

एका सुट्या भागासाठी अख्खी नौका अडून पडते, हे खरं आहे का?

अगदी खरं आहे. फ्रान्सची ‘शार्ल द गोल’ ही अणुशक्तीवर चालणारी नौका नोव्हेंबर २००० मध्ये चाचणीसाठी अटलांटिक ओलांडत होती. वाटेत तिच्या डाव्या प्रोपेलरचं एक पातं तुटलं आणि तिला मागे फिरावं लागलं. तपासात कळलं की दोष ओतकामात होता. उजवा प्रोपेलरही तसाच निघाला, आणि कहर म्हणजे अडीअडचणीला म्हणून ठेवलेले जादा प्रोपेलरसुद्धा सदोष होते. ते ओतणारा कारखाना तोवर बंद पडला होता. त्याची कागदपत्रंही आगीत गेली होती.

शेवटी ‘क्लेमांसो’ आणि ‘फॉश’ या जुन्या नौकांचे जादा प्रोपेलर हिला बसवले. नौका चालू लागली, पण हे प्रोपेलर तिच्या मापाचे नव्हते. २७ नॉट वेगासाठी बांधलेली नौका २४-२५ नॉटवर अडकली. तिचे स्वतःचे नवे प्रोपेलर बसायला २००७-०८ ची मोठी दुरुस्ती उजाडावी लागली. दोन अणुभट्ट्या ठणठणीत, आणि वेग ठरवला तो दुसऱ्याच्या मापाच्या पंख्यांनी.

पहिली विमानवाहू नौका कोणती?

‘पहिली’ म्हणजे काय, त्यावर उत्तर बदलतं. युजीन एली या वैमानिकानं नोव्हेंबर १९१० मध्ये अमेरिकेच्या ‘बर्मिंगहॅम’वरून उड्डाण केलं आणि जानेवारी १९११ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया’वर विमान उतरवलं. दोन्ही साध्या युद्धनौका होत्या, त्यांच्यावर तात्पुरता लाकडी माचा बांधला होता. चालत्या नौकेवर पहिल्यांदा उतरला तो एडविन डनिंग, ब्रिटनच्या ‘फ्युरियस’वर, २ ऑगस्ट १९१७ रोजी. पाचच दिवसांनी तसाच प्रयत्न करताना तो बुडून गेला.

सलग, सपाट डेक असलेली पहिली नौका ब्रिटनची ‘आर्गस’ (१९१८). ती मुळात इटलीसाठी बांधायला घेतलेली प्रवासी बोट होती. विमानवाहू नौका म्हणूनच रेखाटलेली ‘हर्मिस’ १९१८ मध्ये बांधायला घेतली, पण ताफ्यात यायला १९२४ उजाडलं. तिच्या आधी, १९२२ च्या डिसेंबरमध्ये, जपानची ‘होशो’ तयार झाली होती. मला विचाराल तर मी ‘आर्गस’चं नाव घेईन, कारण पुढच्या सगळ्या नौकांची ठेवण तिच्यात दिसते.

एलीचं विमान थांबलं कसं?

माच्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या होत्या आणि प्रत्येक दोरीच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाखालचे आकडे दोऱ्यांत अडकले, पिशव्या फरफटत आल्या आणि विमान थांबलं. आजही तत्त्व तेच आहे. दोरीच्या जागी पोलादी तार आली आणि वाळूच्या जागी डेकखालचं यंत्र.

ती तार किती दिवस टिकते?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डेकवर आडवी दिसणारी तार हा एका मोठ्या साखळीतला सगळ्यात छोटा आणि मुद्दामच लवकर बदलण्याजोगा ठेवलेला तुकडा असतो. जाडी सुमारे साडेतीन सेंटीमीटर. कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर ती डेकपासून जराशी उचलून धरलेली असते, म्हणजे विमानाचा हुक तिच्याखाली सहज शिरतो. तिच्या दोन्ही टोकांना डेकखालून येणारी लांब तार जोडलेली असते. ही लांब तार कप्प्यांवरून फिरत खाली यंत्राकडे जाते. तिथे एक दट्ट्या तेलाला अरुंद वाटेतून दाबत नेतो, आणि त्या विरोधानं विमान दोनेक सेकंदांत, शंभरेक मीटरच्या आत उभं राहतं. येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे ती वाट कमी-जास्त करावी लागते. आकडा चुकला तर विमान डेकवरून खाली जाईल किंवा तार तुटेल.

वरचा तुकडा साधारण १०० ते १२५ विमानं उतरली की बदलतात. दिसायला धड असला तरी बदलतात. दर उतरणीनंतर तार मागे ओढली जाते आणि कुठे धागा सुटलाय का, हे माणूस डोळ्यांनी पाहतो.

तारेचं टोक कसं बनवतात हे पाहण्यासारखं असतं. पोलादी तारेचा पीळ टोकाशी उकलून तिचे धागे केरसुणीसारखे फुलवतात, तेलाचा अंशही राहणार नाही असे धुतात, मग ते निमुळत्या पोलादी टोपणात ओढून घेतात आणि वरून वितळलेलं जस्त ओततात. जस्त थिजलं की धागे आणि टोपण एकजीव होतात. धागे नीट धुतले नसतील तर जस्त धरत नाही. काही टन वजनाचं विमान ताशी २४० किलोमीटरनं येऊन ज्या जोडावर भिस्त ठेवतं, तो जोड एका माणसाच्या स्वच्छ हातकामावर उभा असतो.

खालची लांब तार जास्त टिकते, पण चुकली तर तीच घातक ठरते. मार्च २०१६ मध्ये ‘आयझेनहॉवर’वर ती तुटली आणि आठ नौसैनिक जखमी झाले. टेहळणी विमान डेकच्या कडेवरून खाली गेलं. पाण्याला टेकण्याआधी वैमानिकांनी ते सावरलं आणि वर काढलं.

डेक लाकडी चांगला की चिलखती?

यावर आजही हमरीतुमरीवर येणारे लोक आहेत. दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत.

ब्रिटननं ‘इलस्ट्रियस’ (१९४०) बांधताना डेकवर तीन इंच जाडीचं चिलखत घातलं आणि हँगर, म्हणजे डेकखालची विमानं ठेवायची जागा, पेटीसारखा बंद केला. अमेरिकेनं ‘एसेक्स’ वर्गाच्या नौकांना पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्यांचा डेक दिला आणि हँगर बाजूंनी उघडा ठेवला. युद्धकाळात आणि नंतर मिळून या वर्गाच्या २४ नौका तयार झाल्या.

सुट्या भागांच्या नजरेनं पाहा. फळ्यांच्या डेकला बॉम्बनं भोक पडलं तर नौकेवरचेच सुतार आणि लोहार मोडकी फळी काढून नवी ठोकतात. काही तासांत विमानं पुन्हा उतरू लागतात. चिलखती डेक बॉम्ब सहजी आत येऊ देत नाही. पण डेक आणि हँगरच्या भिंती नौकेच्या मुख्य सांगाड्याचाच भाग असल्यानं, त्या एकदा वाकल्या की समुद्रावर सरळ करणं अशक्य. १० जानेवारी १९४१ रोजी माल्टाजवळ जर्मन विमानांनी ‘इलस्ट्रियस’ला झोडपलं. ती बुडाली नाही, हे चिलखताचं श्रेय. पण तिला दुरुस्तीसाठी अमेरिकेला जावं लागलं आणि ते जवळजवळ सगळं वर्ष त्यातच गेलं.

लाकडी डेकची किंमत दिसली ती १९ मार्च १९४५ ला. ‘फ्रँकलिन’वर बॉम्ब पडले तेव्हा डेकवर आणि हँगरमध्ये इंधन भरलेली, शस्त्रं लावलेली विमानं उभी होती. ८०० हून अधिक माणसं गेली. तिथे ‘फळी बदलता येते’ या बोलण्याला काहीच अर्थ उरत नाही.

बंद पेटीचा आणखी एक तोटा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. हँगरची उंची एकदा ठरली की ठरली. अमेरिकी ‘कॉर्सेअर’ विमानं ब्रिटिश नौकांवर ठेवायची वेळ आली, तेव्हा दुमडलेले पंख छताला लागू नयेत म्हणून प्रत्येक पंखाचं टोक सुमारे २० सेंटीमीटर कापावं लागलं. नौका बदलता येईना, म्हणून विमान कापलं.

पुढे अमेरिकेनं ‘मिडवे’ला (१९४५) चिलखती डेक दिला. ‘फॉरेस्टल’पासून (१९५५) उड्डाणाचा डेक हाच सांगाड्याचा मुख्य भार घेणारा डेक झाला. जेट विमानांच्या वजनापुढे फळ्यांचा प्रश्न आपोआप संपला.

सगळ्यात झटपट झालेली मोठी दुरुस्ती कोणती?

‘यॉर्कटाउन’ची. कोरल समुद्राच्या लढाईत बॉम्ब खाऊन ती २७ मे १९४२ ला पर्ल हार्बरला पोचली. नीट दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. तीन दिवस मिळाले. १,४०० च्या वर कामगार रात्रंदिवस राबले. हँगरखालचे फाटलेले पोलादी भाग जागच्या जागी टेकू देऊन, वरून पत्रे वेल्ड करून नौका ३० तारखेला बाहेर काढली. जूनच्या सुरुवातीला ती मिडवेच्या लढाईत उतरली आणि तिथेच तिचा अंत झाला. पण त्याआधी तिच्या विमानांनी जपानी नौका बुडवण्यात मोठा वाटा उचलला होता.

नौकेवरची इमारत उजवीकडेच का असते?

सुरुवातीच्या विमानांची इंजिनं अशी फिरत की विमान डावीकडे वळवणं सोपं जाई. उतरणं फसलं तर वैमानिक डावीकडे निसटायचा, म्हणून ती बाजू मोकळी ठेवली. जपानच्या ‘अकागी’ आणि ‘हिर्यू’वर इमारत डावीकडे होती, पण ती प्रथा रुजली नाही.

तिरका डेक कुणी शोधला?

ब्रिटिश नौदलातले अधिकारी डेनिस कॅम्बेल यांनी, १९५१ मध्ये. त्याआधी डेक सरळ होता. मागच्या अर्ध्यात विमानं उतरायची, पुढच्या अर्ध्यात उभी असायची आणि मध्ये जाळी. हुक तारेत अडकला नाही तर विमान जाळीत, आणि जाळीही चुकली तर उभ्या विमानांवर. जेट विमानं आली तशी ही रचना जीवघेणी झाली. उतरण्याची पट्टी काही अंशांनी डावीकडे फिरवली की हुक चुकलेलं विमान सरळ पुढे निघून पुन्हा उडू शकतं, इतकी साधी कल्पना. १९५२ मध्ये ‘ट्रायम्फ’च्या सरळ डेकवर नुसत्या तिरक्या रेघा रंगवून तिची चाचणी घेतली. त्याच वर्षाअखेर अमेरिकेच्या ‘अँटिएटम’ला खराखुरा तिरका डेक बसला.

त्याच काळात कॉलिन मिचेल यांचा वाफेवरचा कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोरात पुढे फेकणारं यंत्र, आला आणि निकोलस गुडहार्ट यांचा वैमानिकाला उतरण्याची योग्य वाट दाखवणारा आरसा. आरशाची कल्पना गुडहार्टनी ऑफिसातल्या टेबलावर समजावून दिली. साहित्य होतं हातआरसा, त्यावर लिपस्टिकनं मारलेली रेघ आणि एक विजेरी. तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि आरसा या तीन गोष्टींनी जेटयुगातली विमानवाहू नौका घडवली, आणि तिन्ही जुन्या नौकांना नंतर बसवता आल्या. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे युद्धातल्या नौका आणखी कित्येक वर्षं कामाला आल्या.

कॅटापल्टमध्ये काय झिजतं?

वाफेच्या कॅटापल्टमध्ये डेकखाली दोन लांब नळकांडी शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकात एक दट्ट्या. नळकांड्याला वरून लांबलचक फट असते, कारण दट्ट्याला डेकवरच्या विमानाशी जोडायचं असतं. फटीतून वाफ निसटू नये म्हणून एक धातूची पट्टी दट्ट्या पुढे सरकेल तशी मागून फट बुजवत जाते. ही पट्टी आणि तिच्या आसपासचे भाग सतत झिजतात. शेवटी दट्ट्या पाण्याच्या नळीत घुसतो आणि तीन मीटरच्या आत थांबतो. दर उड्डाणाला हे घडतं.

पण मला सांगायचंय एका छोट्या दांडीबद्दल. कॅटापल्टची वाफ भरेपर्यंत विमानाला मागून धरून ठेवावं लागतं. जुन्या विमानांत त्यासाठी मधोमध बारीक केलेली एक पोलादी दांडी वापरत. ठरलेल्या ताणापर्यंत ती धरून ठेवायची आणि त्याच्या पुढे ताण गेला की तुटायची. तुटणं हेच तिचं काम. विमानाच्या प्रकाराप्रमाणे दांडी वेगळी, आणि चुकीची लावली तर विमान अर्ध्या वाफेवर सुटून समुद्रात. दर उड्डाणाला एक नवी दांडी लागे, म्हणजे तिचा साठा संपला की उड्डाणं बंद. पुढे ‘एफ-१४’ आणि ‘एफ/ए-१८’साठी पुन्हा पुन्हा वापरता येणारी कळ आली. पुढच्या चाकालाच कॅटापल्टची दांडी जोडायची पद्धत आली, तशी विमान ओढायची दोरही गेली. तीही अनेकदा उड्डाणाबरोबर समुद्रात पडायची.

२०१७ मध्ये ताफ्यात आलेल्या ‘जेराल्ड फोर्ड’वर वाफच नाही, विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहे. नळकांडी, पट्टी, पाण्याची नळी, सगळं गेलं. त्या जागी वेगळ्या प्रकारची दुरुस्ती आली, पान्यापेक्षा मोजयंत्र जास्त लागणारी.

स्की-जंपला सुटे भाग लागतात का?

जवळजवळ नाहीत, आणि तेच तिचं बळ आहे. डग्लस टेलर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं सुचवलेला हा वर वळलेला डेक नुसतं पोलाद आहे, त्यात हलणारं काही नाही. बदल्यात विमान कमी इंधन आणि कमी शस्त्रं घेऊन उडतं.

लिफ्ट डेकच्या कडेला का नेल्या?

मधली लिफ्ट खालीच अडकली तर डेकच्या मधोमध मोठा खड्डा उरतो आणि उड्डाणं थांबतात. कडेची लिफ्ट अडकली तर डेक वापरता येतो. ‘फॉरेस्टल’वर चारही लिफ्ट कडेला होत्या, पण डाव्या बाजूची लिफ्ट नेमकी तिरक्या डेकच्या पुढच्या टोकाला. विमानं उतरत असताना तिचा काही उपयोग नव्हता. ‘किटी हॉक’ वर्गात तिला मागे नेलं, इमारतही मागे सरकवली आणि इमारतीच्या पुढे दोन लिफ्ट ठेवल्या. ही मांडणी ‘निमिट्झ’ वर्गानंही उचलली.

भर समुद्रात सुटा भाग लागला तर?

नौकेच्या पोटात भांडारं असतात, आणि हँगरला लागून कार्यशाळा. जेट इंजिन उघडून जुळवतात, मग नौकेच्या मागच्या टोकाला, झोत समुद्राकडे करून चालवून पाहतात. जे सोबत नाही ते पुरवठा नौकेकडून तारेवरून किंवा हेलिकॉप्टरनं येतं. ‘एफ-३५’ आलं तेव्हा त्याच्या इंजिनाचा मुख्य भाग जुन्या ‘सी-२’ मालवाहू विमानात मावत नव्हता. नव्या ‘सीएमव्ही-२२’मध्ये तो मावतो.

अलीकडे काही भाग छापूनही होतात. २०१९ मध्ये ‘हॅरी ट्रुमन’वर वाफेच्या नळीतलं पाणी काढून टाकणारा एक छोटा धातूचा जोड त्रिमितीय छपाईनं बनवून बसवला आणि वर्षभर चाचणीखाली ठेवला. भाग किरकोळ दिसतो. पण वाफेच्या नळीत पाणी साचलं की काय होतं, हे बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही विचारा.

जुन्या नौकेचे भाग नव्या नौकेला लावतात का?

हो, आणि बरेचदा. निवृत्त ‘इंडिपेंडन्स’चे भाग काढून तिच्यासारख्या चालू नौकांना, विशेषतः ‘किटी हॉक’ला दिले. तिचा डावा नांगर आणि दोन्ही साखळ्या ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’वर गेल्या. पहिली अणुशक्तीवरची विमानवाहू ‘एंटरप्राइझ’ (१९६१) हिचा एक नांगर ‘अब्राहम लिंकन’वर आहे, आणि तिचं काही पोलाद त्याच नावाच्या नव्या नौकेत वितळवून घेतलंय.

‘एंटरप्राइझ’ची अडचण वेगळीच होती. तिच्या वर्गात आणखी नौका बांधायच्या होत्या, त्या रद्द झाल्या आणि ती एकटी राहिली. आठ अणुभट्ट्या असलेली दुसरी विमानवाहू नौकाच नव्हती, मग भाग उसने घ्यायचे कुणाकडून? तरी ती पन्नासेक वर्षं चालली.

बॉयलर बिघडला तर विमानं उडू शकतात का?

वेगावर अवलंबून आहे. १९७१ मध्ये भारताच्या ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एकाच्या ड्रमला भेग होती. नौका पूर्ण वेग घेऊ शकत नव्हती. कॅटापल्टवरून विमान सोडताना नौका वाऱ्याकडे तोंड करून जोरात धावली तर डेकवर जास्त वारा मिळतो, म्हणून वेग कमी झाला की उड्डाणही अवघड होतं. तशाही अवस्थेत डिसेंबरमध्ये तिच्या ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांनी कॉक्स बाझार आणि चितगावावर हल्ले केले. त्या काळात बॉयलर सांभाळणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

‘विक्रमादित्य’च्या आठ बॉयलरनीही २०१२ च्या चाचण्यांत त्रास दिला. आतलं उष्णतारोधक अस्तर टिकलं नाही. नौका वर्षभर उशिरानं, १६ नोव्हेंबर २०१३ ला ताफ्यात आली.

अणुभट्टीचं इंधन कसं बदलतात?

‘निमिट्झ’ वर्गाच्या नौकेत पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदाच, मध्यावर. इंधन काढता काढता जवळजवळ सगळी नौकाच उघडतात: नळ्या, तारा, प्रोपेलर, शाफ्ट, कॅटापल्ट. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’चं हे काम २०१७ ला सुरू होऊन २०२३ ला संपलं. एवढा काळ नौकेबरोबर गोदीत राहणाऱ्या तरुण नौसैनिकांना समुद्र दिसतच नाही, आणि त्याचा त्यांच्यावर ताण येतो, हेही नोंदवायला हवं.

आणि गोदीच नसेल तर?

तर सगळे सुटे भाग असून उपयोग नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाची ‘कुझनेत्सोव’ तरंगत्या गोदीतून बाहेर काढताना गोदीच बुडाली आणि वरची क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. तेवढी मोठी दुसरी गोदी हाताशी नव्हती. ब्रिटनची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ऑगस्ट २०२२ मध्ये निघाल्या निघाल्या थांबली, कारण उजव्या प्रोपेलर शाफ्टचा एक जोड निखळला होता. स्कॉटलंडमधल्या रोसाइथची गोदी होती म्हणून ती पुढच्या वर्षी परत समुद्रावर गेली.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येतं?

अमेरिकेत पाच नौका संग्रहालयं म्हणून उभ्या आहेत: ‘इन्ट्रेपिड’, ‘यॉर्कटाउन’ (त्याच नावाची दुसरी), ‘हॉर्नेट’, ‘लेक्सिंग्टन’ आणि सॅन दिएगोची ‘मिडवे’. एकच पाहायची तर ‘मिडवे’ पाहा. ती १९४५ मध्ये सरळ डेकची होती. तिरका डेक नंतर बसवला, पुढे आणखी रुंद केला. १९८६ मध्ये स्थिरतेसाठी बाजूंना पोलादी फुगवटे जोडले, तर ती उलट जास्त जोरात डोलू लागली. धक्क्यावर उभं राहून डेकखाली नजर टाकली की मूळची अरुंद नौका कुठे संपते आणि नंतर जोडलेलं पोलाद कुठून बाहेर झुकतं, ते स्पष्ट दिसतं.